उलट गाठीचा हार

वाचकहो, मखमलाबादच्या अंबूबाईंच्या घरी एका मंगळवारी सकाळी जी बैठक भरली, तिची हकिगत या प्रकरणात मी यथाशक्ती कथन करणार आहे. सृष्टी नावाची नऊ वर्षांची मुलगी आपल्या आईची राहील की आईपासून कायमची तोडली जाईल, याचा निर्णय त्या बैठकीत व्हावयाचा होता. निर्णय झाला. परंतु तो ज्या वाटेने झाला, त्या वाटेत एका वृद्ध स्त्रीच्या ओंजळीत जे काही उरले होते तेही सांडून गेले. ज्यांचे अंतःकरण मृदू आहे त्यांनी मन घट्ट करून पुढे वाचावे, एवढीच विनंती.

साधना बसमधून उतरली तेव्हा ऊन नुकतेच शेवंतीच्या वाफ्यांवर आले होते. अंबूबाईंचा धाकटा मुलगा राज काविळीने गेल्यापासून त्याची बायको साधना सातपूरला खोली घेऊन राहत होती व सृष्टी आजीजवळ वाढत होती, हे मागे आलेच आहे. दर रविवारी साधना मुलीस भेटावयास येई. आज रविवार नव्हता. थोरला दीर निवृत्ती याने फोनवर एवढेच सांगितले होते, "मंगळवारी सकाळी ये. मामा पण येताय. बोलायचं हे." त्याच्या आवाजावरूनच तिला काय ते उमगले होते.

ओट्यावर अंबूबाई नेहमीप्रमाणे हार गुंफीत बसल्या होत्या. शेजारी सृष्टी एकेक शेवंती उचलून आजीच्या हातात देत होती. मध्येच तिने एक फूल नाकाशी नेले.

"ए, हुंगू नको गं!" अंबूबाई म्हणाल्या. "देवीच्या आधी आपण वास घ्यायचा नसतो. उष्टं होतं ते."

"आजी, तुला कधीच वाटत नाय वास घ्यावा?"

"वाटतो ना. पण नाय घ्यायचा."

"एकदापण नाय घेतला?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून एकदापण नाय. जा, स्नेहासंग जाऊन मरवा खुडून आण. आन् ती बघ कोण आली."

सृष्टी धावत येऊन आईच्या कमरेला बिलगली. साधनाने तिच्या केसांत हात फिरविला. मग मुलगी आपल्या चुलत बहिणीचा हात धरून वावरात निघून गेली.

अंबूबाई डावखुऱ्या होत्या. नवी नवरी असताना त्यांची सासू गोजराबाई हिने त्यांच्या डाव्या हातावर लाटणे मारून म्हटले होते, देवाचे काम डाव्या हाताने करशील तर घराचे वाटोळे होईल. त्यांनी उजव्या हाताने गुंफण्याचा पुष्कळ यत्न केला, पण फुले सुटून पडत. अखेर त्यांनी देवीशीच समेट केला होता. त्या डाव्या हाताने दोरा वळवीत, त्यामुळे गाठ इतरांच्या उलट बाजूस पडे, आणि प्रत्येक हाराच्या शेवटी चूक पदरात घे म्हणून मरव्याची एक काडी बांधीत. असा हार साऱ्या नाशकात दुसरा कोणी करीत नव्हता.

राज गेल्यावर त्यांनी वणीच्या गडावरील देवीला बोलून ठेवले होते, की सून आणि नात सांभाळ, मी दर मंगळवारी व शुक्रवारी तुला हार पाठवीन. गुडघे गेल्यामुळे गडावर जाणे त्यांना शक्य नव्हते. निवृत्ती आपल्या पिकअपमधून भाजी घेऊन त्या बाजूस जाई, तोच हारांची टोपली नेई.

"ये. आधी चहा घे," त्या वर न पाहता साधनाला म्हणाल्या.

परंतु चहा येण्यापूर्वीच बैठक सुरू झाली. अंबूबाईंचे थोरले बंधू गोटीराम सायखेड्याहून आले होते. ते खुर्चीवर, निवृत्ती खाटेवर, त्याची बायको लताबाई दाराच्या चौकटीत, आणि साधना खाली, सासूच्या टोपलीशेजारी बसली.

"मामा, तुम्ही मोठे," निवृत्तीने आरंभ केला. "माझं काही वेडंवाकडं गेलं तर थांबवा. ही आम्हाला सांगते, सातपूरला कंपनीत पॅकिंगला जाते. सेकंड शिफ्ट. ती कंपनी दिवाळीपासून बंद हे. ही जाते हायवेच्या बारमध्ये. नाचायला."

"हळू बोल. पोरी वावरात हे," गोटीराम म्हणाले.

"हळू काय बोलू? बाजारात लोक मला हळू बोलत नाय! स्नेहाला तुमच्याच गावचे पाहुणे बघून गेले. त्यांच्या कानावर गेलं तर काय तोंड दाखवू?"

"पाहुणे मी आणलेत, ते मला ठाऊक हे," गोटीराम रुक्षपणे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुझं म्हणणं काय ते बोल."

"म्हणणं एवढंच. सृष्टी इथं राहील. तिचं शिक्षण, लग्न, सगळं मी करीन. पण हिनं या उंबऱ्यात परत पाय टाकायचा नाय. पोरीला फोनसुद्धा करायचा नाय."

अंबूबाईंचा हात थांबला नाही. फूल, वळसा, गाठ. फूल, वळसा, गाठ.

साधना त्या गाठीकडे पाहत राहिली. काय बोलावे याचा ती विचार करीत होती असे इतरांस वाटले असेल. पण तिच्या डोळ्यांपुढे दुसरेच काही होते.

कंपनी बंद पडल्यावर शेजारच्या खोलीतील पिंकी तिला तेथे घेऊन गेली होती. "मला नाचता येत नाही," असे साधना म्हणाली, तेव्हा पिंकी हसली होती. "कोणाला येतं गं? उभं राहता येतं ना? मग झालं."

जाण्यापूर्वी तिने फार भयंकर कल्पना केल्या होत्या. अंगावरची वस्त्रे काढावी लागतील, कोणीही हात धरील, असे तिला वाटले होते. पण पहिल्याच दुपारी, बंद शटरच्या आत केर काढणे चालले असताना, सावित्रीबाई नावाच्या एका वयस्क बाईने तिला अंगभर घागरा नेसविला. त्याला इतक्या टाचण्या होत्या की श्वास घेताना पोटास बोचत. मग तिने तिच्या हातात माईक दिला. माईक बंद होता.

"कागदावर तू गाणारी हे, नाचणारी नाय," सावित्रीबाई म्हणाली. "तोंडाशी धरून ठेव. कोणी तपासायला आलं तर तू गात होती."

"आणि गाणं कोण म्हणतं?"

"मशीन म्हणतं. तुझ्यापेक्षा बरंच म्हणतं, काळजी नको करू!"

नाचाच्या जागेभोवतीच्या पितळी कठड्याच्या आत कोणा गिऱ्हाइकास येऊ देत नसत. फरशीवर पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येक बाई वाकून तिला हात लावून कपाळी नेई, जशी एखादी शेतकरीण वावराला लावते. येणाऱ्यांपैकी पुष्कळजण नाच पाहतच नसत. ते चेहऱ्याकडे पाहत, आपल्याला कोणी ओळखावे म्हणून. एक ट्रकमालक रोज आपल्या मेलेल्या बायकोचे नाव सांगे व पाणी पिऊन निघून जाई.

परंतु साधनाला सर्वांत अधिक आश्चर्य स्वतःचेच वाटले. तेथे गेल्यावर लाज मरून जाईल असे तिने धरले होते. लाज मेली नाही. ती रोज संध्याकाळी तिच्याबरोबर रिक्षात बसून येई. मात्र त्या लाजेच्या शेजारीच एक विचित्र मोकळेपण येऊन बसले. तेथे तिला कोणी विधवा म्हणत नव्हते. राज गेल्यावर तिच्या केसांतून फूल गेले होते ते पहिल्यांदा परत आले ते त्या आरशापुढे, सावित्रीबाईच्या हाताने, आणि त्या दिवशी ती आरशापुढे बसून रडली होती. फूल आल्याचे दुःख की फूल कुठे आले याचे, हे तिचे तिलाही कळले नाही.

तेथे हार देण्याची रीत होती. गिऱ्हाईक कठड्याबाहेरून हार विकत घेई, सनी नावाचा वेटर तो आत आणून बाईच्या गळ्यात घाली. थोड्या वेळाने बाई तो काढून देई, आणि तोच हार पुन्हा टोपलीत जाऊन दुसऱ्या गिऱ्हाइकास विकला जाई. एकच हार एका संध्याकाळी कित्येक गळ्यांत फिरे.

एका मंगळवारी तसाच एक हार तिच्या गळ्यात पडला. काढताना तिची बोटे सवयीने गाठीवर गेली. गाठ उलट बाजूस होती. तिने दोरा शेवटपर्यंत चाचपला. शेवटी मरवा होता.

मशीनचे गाणे चालू होते. तिचे पाय मात्र थांबले.

"सनी, हे हार कुठून येतात?"

"मखमलाबादचा एक पिकअपवाला टाकून जातो. मंगळवार-शुक्रवार. लय फ्रेश माल असतो त्याचा. का गं, ओळखीचा हे का?"

"नाही," साधना म्हणाली.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती मुद्दाम लवकर जाऊन मागच्या दाराशी उभी राहिली. निवृत्ती टोपली उतरवीत होता. टोपलीवर तेच ओले पांढरे फडके होते, जे अंबूबाई आंघोळीनंतर स्वतः पिळून झाकीत. दिराने तिच्या हातांतील बांगड्या पाहिल्या, तिने त्याच्या हातांतील टोपली पाहिली. त्यानंतर लगेच ही बैठक ठरली.

निवृत्तीचा हिशेब तिने पुरता ओळखला होता. आपल्यावर बोट दाखवावयाचे तर हिला आधी स्वतः तेथे जात असल्याचे कबूल करावे लागेल, आणि आपण आधी बोललो म्हणजे हिच्या बोलण्याला सूड म्हणतील. म्हणून त्याने घाई केली होती.

"चहा करते मी," दारातून लताबाई एकाएकी म्हणाली. "साधना, जरा मदतीला ये."

स्वयंपाकघरात तिने भांड्यांचा मोठा आवाज केला आणि त्या आवाजाच्या आडून कुजबुजली, "तू काय बोलणार हे ते मला माहीत हे. बोलू नको."

"काय माहीत आहे, ताई?"

"टोपलीवरचं फडकं मी धुते. गडावरून येणाऱ्या फडक्याला धुपाचा वास पाहिजे. त्याला सिगारेटचा वास येतो. वर्षं झाली."

साधना तिच्याकडे पाहतच राहिली. "आणि तुम्ही भाऊंना विचारलं नाही?"

"विचारून काय करू? भांडण करू? मग स्नेहाचं कोण बघंल?" लताबाईचे डोळे भरून आले होते, पण हात थांबले नव्हते. "हे बघ, आज गप बस. त्यांना जे बोलायचं ते बोलू दे. स्नेहाचं लग्न उरकलं की तू म्हणशील तिथं मी सृष्टीला घेऊन येईन. गोदाघाटावर, बसस्टँडवर, कुठं पण. माझ्या पोरीची शपथ. पण आत्याबाईंना कळलं तर त्या जगायच्या नाय गं."

"आणि माझी मुलगी गेल्यावर मी कशी जगू, ताई?"

लताबाईने चहात साखर घातली, मग विसरून पुन्हा घातली.

चहा बाहेर आला तो कोणीच प्यायले नाही. हार पुरा होत आला होता. वावरातून मरवा घेऊन आलेली सृष्टी आजीच्या हातात जुडी देऊन पायरीवर बसली, ती कोणाला उठविता आली नाही.

"ही काही बोलत नाय, मामा," निवृत्ती म्हणाला. आता त्याच्या आवाजास धार आली होती. "मग एक करू. आईचा हार समोरच हे. मंगळवारचा, देवीचा. त्याच्यावर हात ठेवून सांगू दे, मी कंपनीत जाते म्हणून. मी माझा शब्द माघारी घेतो."

"शपथ कशाला, भाऊ?" साधना म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी जाते तिथं. नाचते. हातात माईक असतो, पण मी गात नाही."

गोटीरामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पायरीवरून सृष्टी आईकडे टक लावून पाहत होती.

अंबूबाईंनी विचारले, "तिथं कोणी अंगाला हात लावतं का गं?"

"नाही, आत्याबाई."

"मग काय करतात?"

"बघतात. हार देतात."

डावा हात प्रथमच थांबला. "कसले हार?"

"आई, तुला काय करायचंय ते ऐकून!" निवृत्ती जवळजवळ ओरडला. "तिनं कबूल केलं. विषय संपला."

"नाय संपला," गोटीराम म्हणाले. "तुला कोणी सांगितलं?"

"बाजारात एक जण बोलला."

"कोण?"

"आता नाव कुठं ध्यानात ठेवू, मामा?"

"ज्याचं नाव तुझ्या ध्यानात नाय, त्याच्या बोलण्यावर तू पोर आईपासून तोडतो? पाहुणे माझ्या गावचे हे, मलाही अब्रूची काळजी हे. पण हार मध्ये तू आणला. आता तूच त्याच्यावर हात ठेव. बोल, मी तिथं कधी गेलो नाय, मला बाजारात कळलं."

निवृत्तीचा हात पुढे आला. तो मरव्याच्या वर वीतभर अंतरावर थांबला, आणि त्याच्याच गुडघ्यावर जाऊन पडला. आजवर किती हार त्याने पिकअपच्या मागे टाकले होते! आज त्याला एकाला शिवता येईना.

"म्हणजे तूच जातो तिथं!" गोटीराम गरजले. "प्यायला!"

निवृत्तीने मान खाली घातली, आणि हळूच म्हणाला, "हो मामा. गेलो एकदोनदा. चुकलो."

तो खोटे बोलत होता हे साधनाला आणि लताबाईला समजले. लहान पापाच्या आड मोठे पाप लपविण्याची वाट त्याला सापडली होती. दारातील लताबाईने मोठा श्वास सोडला. गोटीरामांचा रागही निवू लागला, कारण पुरुष पितो यास आमच्याकडे क्षमा आहे. आणखी दोन शिव्या देऊन ते बैठक आवरती घेणार, आणि सृष्टी याच घरी राहणार, हे साधनाला स्पष्ट दिसले.

तेवढ्यात अंबूबाई म्हणाल्या, "साधना, तू तिथं माझा हार पाहिला का?"



"काय बोलते, आई?" निवृत्ती म्हणाला.

"गडावर माणूस जातं ते परसाद घेऊन येतं. चिमूटभर कुंकू आणतं, खोबऱ्याचा तुकडा आणतं. राज गेल्यापासून तू मला कधी काही आणलं नाय. मी म्हणायचे, लेकराला घाई असंल, विसरत असंल." त्यांनी सुनेकडे पाहिले. "तू सांग. पाहिला?"

एका शब्दावर सारे अडले होते. हो म्हणताच निवृत्तीचे तोंड बंद होणार होते, आणि मग सृष्टीला या अंगणात कोणी अडवू शकले नसते. तो शब्द साधनाच्या ओठांवर आलाही. पण समोर ती बाई बसली होती, जिने राजच्या मृत्यूनंतर तिला कधी पांढऱ्या पायाची म्हटले नव्हते, आणि जिचे मंगळवार व शुक्रवार सोडले तर आयुष्यात दुसरे काही उरले नव्हते.

"नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "नाही पाहिला."

"हारावर हात ठेव."

साधनाने हात ठेवला. तिची बोटे आपोआप गाठीवर गेली, गाठीवरून दोऱ्यावर, दोऱ्यावरून खाली सरकत मरव्यापाशी येऊन थांबली, जशी ती त्या मंगळवारी थांबली होती. "नाही पाहिला," ती पुन्हा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतील पाणी शेवंतीवर पडले.

अंबूबाई बराच वेळ त्या बोटांकडे पाहत होत्या. मग त्यांनी सुनेचा हात हळूच बाजूला केला, हार दोन्ही हातांनी उचलला, नाकाशी नेला, आणि डोळे मिटून खोल वास घेतला.

"आजी!" सृष्टी पायरीवरून ओरडली. "देवीच्या आधी?"

"चांगला वास हे गं," अंबूबाई म्हणाल्या. "शेवंतीपेक्षा मरव्याचाच जास्त येतो. मला वाटायचं उलटं असंल."

निवृत्तीने "आई" म्हणून पुढे होऊन त्यांच्या पायांना हात लावण्याचा यत्न केला. त्यांनी पाय पदराखाली ओढून घेतले. रागाने नव्हे, थंडीत माणूस घेते तसे.

"उद्यापासून फुलं सुटीच बाजारात घाल," त्या म्हणाल्या. "लता, सृष्टीचे कपडे भर. दप्तर पण भर. ती आईसंग जाईल."

"बाई, शाळेचं काय, पाहुण्यांचं काय?" गोटीराम म्हणाले.

"दादा, ते तुम्ही पुरुष बघा. मी माझ्यापुरतं बघितलं." मग त्यांनी हार साधनाच्या ओंजळीत ठेवला. "घे. तुम्हा दोघींसाठीच बोलले होते मी. देवीपर्यंत नाय गेला. तुझ्यापर्यंत तरी पोचत होता."

साधना त्यांच्या मांडीवर डोके ठेवून रडली. तिला वाटले, त्या आपल्या केसांवरून हात फिरवतील. परंतु तो डावा हात मांडीजवळ उताणा पडून होता, आणि त्याची बोटे दोरा नसतानाही वळत होती.

दुपारच्या उन्हात मायलेकी बसच्या थांब्यावर उभ्या होत्या. सृष्टीच्या पाठीवर दप्तर होते, साधनाच्या एका हातात कपड्यांची पिशवी व दुसऱ्या हातात हार. संध्याकाळी कामावर जाताना मुलीस कोणाजवळ ठेवावयाचे, हे तिला ठाऊक नव्हते. मुलगी मिळाली होती. पण कोणाकडून काय घेऊन मिळाली, हे ती जन्मभर विसरणार नव्हती. मागे वळून पाहिले तर ओटा येथूनही दिसत होता. त्यावर बसलेली आकृती हालत नव्हती.

"आई, तू खरंच नाचते?" सृष्टीने विचारले.

"हो."

बस वळणावर दिसू लागली तेव्हा मुलीने हाराला बोट लावले.

"मग याचा वास घेऊ का मी?"

"घे, बाळा," साधना म्हणाली. "आजीने घेतला आहे."

येथे हे प्रकरण मी थांबवितो. माझे शिक्षण फार नाही आणि शब्द जुळविताना हात अडखळतो, तरी आपण येथवर माझ्या सोबत या ओट्यावर बसलात, त्या बसण्याचे उपकार मी मानतो. अंबूबाईंविषयी आपल्या मनात क्षणभर जरी माया उपजली असेल, तर माझे लिहिणे पोचले असे मी समजेन.

आपला ऋणी,
पुंजाराम सखाराम विधाते
म्हसरूळ, नाशिक